कंटेनर अडकलाय म्हणजे नक्की कुठे अडकलाय?

दादा, आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा मांडते, चुकलं तर सांगा. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला तुमचं किराणा आणि ड्रायफ्रूटचं दुकान आहे. गेल्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत अंजीर मागाल तेवढं मिळालं नाही, खारकेचा भाव कुठल्या कुठे गेला, आणि बदामाला तुमचा होलसेलवाला पंधरा दिवस "कंटेनर अडकलाय" एवढंच ऐकवत राहिला नि भाऊबीज उरकल्यावर तोच बदाम सगळ्यांकडे एकदम आला आणि भाव बसला. तुम्ही विचारताय की ही माणसं खरं बोलतात का, आणि यंदा आत्तापासूनच चार ठिकाणी ऑर्डरी टाकून माल भरून ठेवू का.

मी आधी न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे आलेला माल कस्टममधून सोडवायच्या कामात होते, आता बरीच वर्षं वाशीच्या मसाला मार्केटात एका आयातदार पेढीची खरेदी बघते. म्हणजे तुमच्या होलसेलवाल्याला जो "अडकलाय" सांगतो त्याच्या बाजूची मी, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

पहिली गोष्ट, तुमच्या बिलावर या तीन ओळी एकाखाली एक असल्या तरी तिघांची दुखणी वेगवेगळी आहेत. बदामाचा रस्ता लांब आहे पण उघडा आहे. अंजिराचा रस्ता सीमेवर बंद झाला. खारकेचा सरकारने कायद्यानेच बंद केला. तिघांना "आधीच भरून ठेवा" हा एकच उपाय लावला तर एकात दोन पैसे वाचतील, दुसऱ्यात माल किडेल आणि तिसऱ्यात कोणीतरी कागद मागायला दारात उभं राहील.

बदामापासून घेऊ, कारण त्यात सगळ्यात जास्त थापा चालतात. आपल्याकडे दुकानात जो साधा बदाम जातो तो बहुतेक कॅलिफोर्नियाचा, आणि तिकडच्या बदामाचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच. माल ओकलंड बंदरातून निघतो, पॅसिफिक ओलांडतो, मध्ये सिंगापूर किंवा पोर्ट क्लांग किंवा कोलंबो असं कुठेतरी एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतो आणि मग न्हावा शेवाला लागतो. सगळं सुरळीत असलं तरी दीड महिना धरायचा. त्यापुढे कस्टम, प्लांट क्वारंटाइन म्हणजे कीड-रोगाची तपासणी, एफएसएसएआयचं म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचं सॅम्पलिंग, मग ट्रक आणि मग वाशी. एका चाळीस फुटी डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, साधारण २० टन माल. कवच फोडून काढलेला गर असेल तर २२.६८ किलोच्या पेट्या, हा विचित्र आकडा तुम्ही पेटीवर बघितलाच असेल, ते त्यांचे ५० पौंड.

आता या प्रवासात "अडकलाय" हा शब्द तीन-चार ठिकाणी लागू पडतो आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही किती थांबायचं ते वेगळं आहे, म्हणून पहिला प्रश्न "कधी येणार" हा विचारायचाच नाही, "आत्ता कुठे आहे" हा विचारायचा.

एक म्हणजे डबा निघालेलाच नसतो. आमच्यात म्हणतात बुकिंग रोल झालं, म्हणजे या जहाजात जागा नाही, पुढच्यात बघू. २०२१ मध्ये हे पराकोटीला गेलं होतं. चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या डब्याचं भाडं एवढं चढलं की शिपिंग लाइनांना, म्हणजे जहाज कंपन्यांना, अमेरिकेत रिकामा झालेला डबा बदाम भरायची वाट बघत ठेवण्यापेक्षा तसाच रिकामा आशियात परत न्यायला परवडायला लागलं, आणि बरीच जहाजं लॉस एंजेलिसला माल उतरवून ओकलंडला जाईनाशीच झाली. तिकडे गोदामात बदाम पडून, इकडे आम्ही पैसे घेऊन तयार, आणि मध्ये डबाच नाही. शेवटी २०२२ च्या सुरुवातीला ओकलंड बंदराने शेतमालाच्या डब्यांसाठी २५ एकरांचं वेगळं यार्ड उघडलं. असं असलं की सणाच्या आधी माल येत नाही म्हणजे नाही, कोणी कितीही शपथा घेऊ दे.

दुसरं म्हणजे मधल्या बंदरात पडलाय. इथे लाल समुद्राचा विषय येतोच. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं, डिसेंबरपासून मोठ्या लाइनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या आणि युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस वाढले. हे सगळं खरं. पण २०२४ भर बाजारात जो तो "लाल समुद्रामुळे बदाम लेट" म्हणत होता, आणि कॅलिफोर्नियाचा बदाम लाल समुद्राकडे फिरकतही नाही! नकाशा उघडून बघा. तरी ते पूर्ण खोटंही नव्हतं हो. वळसा वाढला म्हणजे तेवढीच जहाजं जास्त दिवस पाण्यात, वेळापत्रकं कोलमडली, मे-जून २०२४ ला सिंगापूरला जहाजांची रांग लागली, आणि आमचे डबे तिथे उतरून पुढच्या जहाजाची वाट बघत बसले. असा डबा दोन-तीन आठवडे खातो, पण येतो. तुर्कस्तानच्या जर्दाळूचं मात्र वेगळं, तो सुएझकडूनच येतो त्यामुळे त्याला फटका थेट बसला. बरं २०२५ चा जर्दाळू तर समुद्राने अडवलाच नव्हता, एप्रिलमध्ये तिकडच्या मलात्या भागात, जिथे जर्दाळू पिकतो, थंडीची लाट आली आणि पीक झाडावरच गेलं. त्याचीही सबब लोकांनी कंटेनरवरच ढकलली कारण गिऱ्हाइकाला तेवढं एक कारण पाठ झालंय.

तिसरं म्हणजे आपल्याच बंदरात किंवा उरण-द्रोणागिरीच्या सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेर डबे तपासून सोडायच्या यार्डात आहे. इथलं जरा नीट सांगते कारण खरंखोटं इथेच कळतं. डब्याचं सील कापलं, दार उघडलं की थोड्या पेट्या बाहेर काढून फोडतात, क्वारंटाइनवाला कीड बघतो, फूडचा माणूस नमुना घेऊन पिशवी सील करतो आणि ती लॅबला जाते. रिपोर्ट आला, दोन्हीकडची परवानगी आली, ड्युटी भरली की गेटपास. ड्युटी बदामाला टक्क्यात नसते, किलोवर असते, गराला १०० रुपये आणि कवचासकट असेल तर ३५. कागद स्वच्छ असतील तर हे सगळं आठवडा-दहा दिवसांत उरकतं, सलग सुट्ट्या आल्या किंवा नमुना नापास झाला तर लांबतं. पण मुद्दा असा की हे चालू असताना डबा लाइनचा असतो, त्याचे ठरलेले फ्री दिवस संपले की डिटेन्शनचं, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याच्या दंडाचं मीटर डॉलरमध्ये पडायला लागतं, वर सीएफएसचं भाडं वेगळं. त्यामुळे डबा खरंच पोर्टला असेल तर आयातदाराला तुमच्यापेक्षा जास्त घाई असते, तो रोज सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाच्या डोक्यावर बसलेला असतो. एखादा माणूस तीन आठवडे शांतपणे "पोर्टला आहे, बघू" म्हणतोय तर समजायचं की माल पोर्टला नाही, तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला नाहीतर बॉन्डेड, म्हणजे ड्युटी भरेपर्यंत माल ठेवायच्या गोदामात निवांत आहे.

आणि तुमच्या गेल्या दिवाळीच्या बदामाचं मला जे दिसलं ते हेच. आठवतंय का, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुक्या मेव्याचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ते जाहीर झालं होतं. मग त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे १२ टक्क्यांनी माल उचलणार कोण? दुकानदाराने खरेदी थांबवली, कारण १२ ने घेऊन ५ ने विकायचं म्हणजे क्रेडिट, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकून पडणार, आणि जे कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांच्या ठोक कर योजनेत आहेत त्यांना तर क्रेडिटच नाही, सरळ अंगावर. होलसेलवाल्याने थांबवली, आयातदारांनी बॉन्डमधला माल बाहेर काढायचं पुढे ढकललं. २२ तारीख उजाडली आणि सगळ्यांना एकाच दिवशी माल हवा झाला, दिवाळी चार आठवड्यांवर. तेवढ्या पेट्या क्लिअर करायला, ट्रक मिळायला, तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागणारच. ज्याच्याकडे आधी पोचला त्याने हवा तो भाव घेतला आणि उशिरा पोचलेला माल दिवाळीनंतर तुमच्या समोर भाव पाडून विकला गेला. त्यामुळे "कंटेनर अडकलाय" हे तुमच्या माणसाने सांगितलं ते त्याला वरून जसं आलं तसं सांगितलं असेल, खोटं बोलायचं म्हणून नाही, पण समुद्राचा त्यात फारसा हात नव्हता.

हे तपासायचं कसं? प्रत्येक डब्याला चार अक्षरं आणि सात आकडे असा नंबर असतो, चारातलं शेवटचं अक्षर यू. हा नंबर मिळाला तर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकून डबा कुठल्या बंदरात आहे ते दिसतं, आणि आपल्याकडे उतरल्यावर लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साइटवर, एलडीबी म्हणतात, तिथे टर्मिनलच्या गेटमधून कधी बाहेर पडला ते कळतं, कारण डब्याला आरएफआयडी टॅग, म्हणजे गेटवर आपोआप वाचली जाणारी चिप लावलेली असते. पैसे लागत नाहीत. आता तुम्ही चार पेट्या घेणारे, तुम्हाला नंबर कोण देणार, हेही मला माहीत आहे. पण तुमचा होलसेलवाला त्याच्या आयातदाराकडे मागू शकतो, आणि नुसतं "शेठ, डबा पाण्यात आहे की उरणला, नंबर मिळेल का" एवढं विचारलंत तरी समोरच्याच्या उत्तरातून अर्धं कळतं. ज्याला माहीत असतं तो जहाजाचं नावसुद्धा सांगतो.

आता अंजीर. सुकं अंजीर आपल्याकडे मुख्यतः अफगाणिस्तानचं, ते दोरीत ओवलेलं. ते ट्रकने अफगाण-पाकिस्तान सीमेवरच्या तोरखमवरून पाकिस्तानात, तिथून वाघा आणि मग आपल्या अटारीला यायचं. गंमत म्हणजे २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान व्यापार बंद झाला तरी अफगाण मालासाठी हा एकेरी रस्ता चालू होता. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला अटारीची चेकपोस्ट बंद करायचं ठरलं. मेच्या मध्याला मध्येच अडकलेले काही ट्रक तेवढे सोडले. मग ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात चकमकी झाल्या नि तोरखमही बंद. राहिला इराणमधून चाबहार नाहीतर बंदर अब्बास आणि तिथून जहाज, किंवा मग काबूलहून विमान. विमानाने माल यायची सोय २०१७ पासून आहे पण किलोमागे भाडं बघितलं की अंजीर सोन्याच्या दुकानात ठेवावं वाटतं. आणि इराणचा रस्ता तरी धड कुठे होता? २०२५ च्या २६ एप्रिलला बंदर अब्बासच्या शहीद रजाई बंदरात स्फोट, जूनमध्ये १३ ते २४ इस्रायल-इराण युद्ध. इराणी पिस्ता, मामरा बदाम घेणाऱ्यांनीही तेव्हा हात आखडते घेतले होते.

म्हणून अंजिराबाबत माझं मत असं की "सुरळीत झालं की उतरेल" असं धरून बसू नका. ही वाट बघून संपणारी टंचाई नाही, माल येतोय पण लांबच्या आणि महागाच्या रस्त्याने येतोय, त्यामुळे हाच नवा भाव धरून चालायचं. उद्या अटारी उघडली तर उतरेलच, पण ते दिल्ली आणि इस्लामाबादेत ठरणार, तुम्ही-मी त्यावर पैसे लावायचे नाहीत. भरून ठेवायचं म्हणाल तर कोल्ड स्टोरेज नसेल तर अजिबात नको. अंजीर तुमच्याकडच्या उन्हाळ्यात काळं पडतं, पावसाळ्यात अळी पडते, आणि एकदा एका गिऱ्हाइकाने अंजीर फोडल्यावर आत अळी बघितली की तो बदामही दुसरीकडून घेतो. दोन-तीन आठवड्यांचं ठेवा, १०० ग्रॅमच्या पुड्या करा. पाव किलोचा भाव ऐकून माघारी फिरणारा माणूस १०० ग्रॅम घेऊन जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खारकेची गोष्ट त्याहून वेगळी. आपल्या ओटीतली, डिंकाच्या लाडवातली, बाळंतिणीच्या खुराकातली खारीक वर्षानुवर्षं बरीचशी पाकिस्तानातून, सिंधमधून यायची, खाणाऱ्याला पत्ताही नसायचा. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी लागली. सरळ रस्ता संपला, पण खारीक बाजारातून गेली नाही, दुबईमार्गे यायला लागली. २ मे २०२५ ला सरकारने पाकिस्तानी मूळ असलेला कुठलाही माल, थेट असो की तिसऱ्या देशातून फिरून, अगदी ट्रान्झिटसुद्धा, बंद केला. आणि जूनमध्ये डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या महसूल गुप्तचर खात्याने, ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट म्हणून कारवाई केली, न्हावा शेवाला ३९ कंटेनर धरले, १११५ टन माल, साधारण ९ कोटींचा, त्यात ही खारीकही होती, कागदावर यूएईची आणि मुळात पाकिस्तानची. एवढा माल बाजारातून गेला ते एक, पण खरा परिणाम नंतरचा. आता ज्याची खारीक खरोखर ओमानची किंवा इराणची आहे त्याचाही डबा मूळ देश तपासायला थांबतो. आम्हीच आता जास्तीचे कागद आधी मागवतो आणि मगच पैसे सोडतो.

तर खारकेला वाट बघायची नाही आणि साठाही करायचा नाही. ओमानकडची उकडून वाळवलेली खारीक भारतात जुन्या काळापासून येते, ती मिळेल तेवढी घ्या, थोडी महाग पडेल. कोणी बिल न देता स्वस्तात पोती टाकतो म्हणाला तर हात जोडा. तुमच्यापर्यंत येईपर्यंत पोतं फोडलेलं असतं, मूळ देशाचं लेबल कुठेच राहत नाही, मग तुमच्या बाजूने बोलणारा एकच कागद म्हणजे पक्कं बिल. सैंधव मिठाचंही तेच, ते पाकिस्तानातल्या खेवड्याचं यायचं. उपवासवाली गिऱ्हाइकं विचारतात म्हणून ठेवावं लागतं, पण पाकिटावर देश कुठला छापलाय ते वाचून घ्या.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर बदाम उशिरा येतो पण येतो, त्याला वेळेचं गणित हवं. अंजीर महाग रस्त्याने येतं, त्याला भावाचं गणित हवं. खारीक नियमात अडकलीये, तिला कागदाचं गणित हवं.

आता तुमचा कळीचा प्रश्न, लोक साठवून ठेवतात का. ठेवतात. सगळे नाही, पण ठेवतात, आणि ते कसं ओळखायचं ते सांगते. माल रोखीत मिळतोय आणि उधारीत मिळत नाहीये, तर टंचाई मालाची नाही, पैशाची आहे. आयातदाराने होलसेलवाल्याची उधारी आवळली की तो तुमची आवळतो, आणि तोंडाने "उधारी बंद केली" म्हणण्यापेक्षा "माल नाही" म्हणणं सोपं असतं. एक पेटी मिळते पण पाच मागितल्या की नाही म्हणतात, म्हणजे भाव चढायची वाट बघतायत. आणि कुठल्याच भावाने, रोखीनेही, कोणाकडेच नाही, तर ती खरी टंचाई. याशिवाय पुण्याच्या मार्केट यार्डात आणि कोल्हापूरला एकेक फोन करून ठेवायची सवय लावा. दोन्हीकडे सारखाच चढला असेल तर वरूनच चढलाय, फक्त तुमच्याच माणसाकडे चढला असेल तर त्याच्याशी बोला. यात त्याला चोर ठरवायचं कारण नाही हं, त्यानेही महागात घेऊन ठेवलेला असू शकतो आणि पुढचा माल काय भावाने येईल त्यालाही माहीत नसतं. पुढची पेटी महाग पडणार असेल तर आजची पेटी जुन्या भावाने कोणी विकत नाही, तुम्हीही विकत नसाल.

चार ठिकाणी ऑर्डर टाकण्याबद्दल मात्र स्पष्ट नाही. का ते बघा. तुम्हाला हव्यात चार पेट्या, तुम्ही चौघांना चार-चार सांगितल्या की जो आधी देईल त्याच्या घेऊ. तुमच्या तालुक्यातल्या दहा दुकानदारांनी तेच केलं. चौघेही होलसेलवाले आपापल्या आयातदाराला सांगतात की यंदा मागणी जबरदस्त आहे. आमच्या टेबलावर ती येते तेव्हा खऱ्या १० टनांची ४० टन झालेली असते, आणि माझ्यासमोर ऑर्डरी असताना मी मालकाला "ही खोटी मागणी आहे" कशी सांगू? मग दोनाच्या जागी चार डबे बुक होतात, तिकडचा विक्रेताही भाव चढवतो, आणि दीड-दोन महिन्यांनी चारही डबे एकदम उतरतात तेव्हा तुम्ही दोघांचे फोन उचलत नाही. तुम्ही दिवाळीनंतर जो पडलेला भाव बघितला त्यात हेही थोडं होतंच. हे काही आपल्या तालुक्यापुरतं नाही, अमेरिकेतली टार्गेटसारखी अवाढव्य कंपनी २०२१ च्या टंचाईला घाबरून माल मागवत सुटली आणि जून २०२२ मध्ये तिला जाहीर सांगावं लागलं की साठा फार झालाय, भाव पाडून काढतोय.

त्यापेक्षा दोन माणसं धरा, चार नको. एकाला सत्तर टक्के, दुसऱ्याला तीस, आणि खरा आकडा सांगा. मी खरेदीत बसून सांगते, माल कमी आला की आम्ही आधी त्याला देतो ज्याने मागच्या वेळी ठरलेला माल उचलला होता, भाव पडल्यावरसुद्धा. त्याची वहीत वेगळी नोंद लागत नाही, लक्षातच राहतं.

भरून किती ठेवायचं हे तुमच्या हातात रोकड किती, जागा कोरडी आहे का, आणि होलसेलवाला किती जवळ यावर आहे, त्यामुळे एकच आकडा मी देऊ शकत नाही, पण रीत सांगते. किलोत मोजू नका, आठवड्यात मोजा. समजा बदाम एरवी आठवड्याला ८ किलो जातो आणि दिवाळीच्या चार आठवड्यांत मिळून ८० किलो. माल एरवी तीन दिवसांत येतो, गडबड झाली की तीन आठवड्यांत. म्हणजे तुम्हाला धोका फक्त त्या तीन आठवड्यांचा आहे, सगळ्या हंगामाचा नाही. दोन पेट्या, म्हणजे ४५ किलो, सणाच्या महिनाभर आधी दुकानात असल्या की तेवढा धोका बहुतेक झाकला गेला, उरलेल्या दोन पेट्या तुम्ही परिस्थिती बघून ठरवू शकता. चारही आधी घेतल्या आणि भाव उतरला तर सगळी रक्कम अडकली, एकही नाही घेतली तर गेल्या दिवाळीसारखं. बदाम कवचासकट टिकतो, गरही चांगल्या कोरड्या जागेत काही महिने काढतो. अक्रोड लवकर खवट होतो, खारा पिस्ता मऊ पडतो, अंजिराचं वर सांगितलंच. म्हणून "भरून ठेवणे" हा शब्द मी फक्त बदाम आणि मनुक्यांना वापरेन. मनुके तर आपले सांगली-तासगावचे, नाशिकचे, त्यांना बंदराची भानगडच नाही, तरी लोक घाबरून तेही साठवतात!

यंदाच्या कॅलेंडरकडेही बघा, हे फार कमी दुकानदार बघतात. गेल्या वर्षी दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती. कॅलिफोर्नियात बदामाची काढणी ऑगस्टमध्ये सुरू होते, वर दीड-दोन महिने प्रवास आणि क्लिअरिंग, म्हणजे नवा माल दिवाळीला जेमतेम पोचतो न पोचतो, सगळी दिवाळी जुन्या मालावर. २०२६ मध्ये अधिक महिना आहे म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्यामुळे नव्या पिकाचे पहिले डबे सणाआधी बाजारात असण्याची शक्यता यंदा बरीच जास्त. अशा वर्षी जुलैत जुना बदाम भरून ठेवणं मला पटत नाही, सप्टेंबर अखेरीस पहिल्या दोन पेट्या, आणि पुढच्या दोनांचा निर्णय ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मध्ये कुठे गडबड झाली, ओकलंडला नाहीतर सिंगापूरला, तर ती ऑगस्ट-सप्टेंबरातच बातम्यांत दिसेल आणि तुमच्या दुकानात दीड महिन्याने, तेवढा वेळ तुमच्या हातात असतो.

आणि अधिक महिना १७ मेपासून आहे, म्हणजे जावयांचं वाण, अनारसे, आणि अनारशाला खसखस. ती बरीचशी परदेशातून, जास्त करून तुर्कस्तानातून येते आणि केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडे (सीबीएन) सौद्याची नोंदणी झाल्याशिवाय येतच नाही, त्यामुळे ती ऐनवेळी कोणी वाढवून आणू शकत नाही. तुमच्याकडे अनारशांचं प्रमाण जास्त असेल तर एप्रिलातच महिन्याभराची खसखस घेऊन हवाबंद डब्यात ठेवा, तिला जागा लागत नाही आणि पैसेही तुलनेने थोडेच गुंततात.

आत्ता लगेचचं म्हणजे रमजान, फेब्रुवारी २०२६ च्या मध्यानंतर चालू होतोय. त्या खजुराचे डबे आत्ता उतरलेत किंवा उतरतायत, इराण-इराक जवळ आहे, बदामासारखं दीड महिन्याचं गणित नाही. ओला खजूर फ्रिजशिवाय ठेवू नका, दोन हप्त्यांत घ्या आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात नवीन खरेदी टाळा. तुमचा बदाम आठवड्याला खरोखर किती जातो आणि होलसेलवाला साताऱ्याचा आहे की पुण्याचा ते लिहा, मग पेट्यांचा आकडा जरा नेमका काढून देते.